पूर सोसलेल्या माणसानं मदत करायला कुठे जावं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या बाई पन्नाशीच्या आतल्या आहेत. काही वर्षांपूर्वी नदीच्या पुरात त्यांचं तळमजल्यावरचं घर बुडालं. शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी दोर टाकून त्यांना, पतीला आणि मुलीला वर ओढून घेतलं. ज्यांच्याशी कधी धड बोलणंही नव्हतं, अशा माणसांबरोबर ते एका ताडपत्रीखाली गच्चीवर राहिले. पाणी ओसरल्यानंतरच्या दोन गोष्टी त्यांच्या ठळक लक्षात आहेत. एक, घरातला चिखल उपसायला आलेला अनोळखी मुलगा. दुसरी, कुणी न मागता आलेल्या जुन्या कपड्यांचा रस्त्याकडेला भिजत पडलेला ढीग.

आता कुठेही चक्रीवादळ किंवा पूर आला की त्या रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर तिथल्या चित्रफिती बघत बसतात. सध्या दूरच्या एका किनारपट्टीला वादळाचा तडाखा बसला आहे. ओळखीतला एक गट कपडे, भांडी, औषधं भरून ट्रक नेतो आहे आणि त्यांना सोबत जायचं आहे. पती आणि मुलगी म्हणतात, ‘झालं ते झालं, आता त्यातून बाहेर ये.’ त्या लिहितात, ‘ज्यानं पूर पाहिला त्यालाच कळतं. मी गेले नाही तर कृतघ्न ठरेन.’

आणखी एक खंत आहे. गच्चीवर एकत्र राहिलेली तीच माणसं आज गाडी लावण्याच्या जागेवरून भांडतात. पुन्हा पूर आला तर काय करायचं, हे ठरवायला बाईंनी बैठक बोलावली, तर तिघं आले. ‘लोक इतक्या लवकर विसरतात कसे? आणि मी जाऊ की नको?’

उत्तर

या ट्रकसोबत तुम्ही जाऊ नये, असं मला वाटतं. हे आधीच सांगून टाकते, कारण ट्रक एक-दोन दिवसांत निघेल आणि माझं उत्तर लांबणार आहे. कधीच जाऊ नका असं मात्र माझं म्हणणं नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

त्या भिजलेल्या कपड्यांच्या ढिगाबद्दल तुम्हीच लिहिलं आहे. ज्यांनी तो पाठवला त्यांनाही बातम्या बघून चैन पडलं नसणार. पण पाठवलेलं सामान कुणीतरी उतरवून घ्यावं लागतं, निवडावं लागतं, कोरड्या जागी ठेवावं लागतं. पाणी ओसरल्यावर रिकामे हात आणि कोरडी जागा याच दोन गोष्टींची तर वानवा असते. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जगभरातून हजारो टन औषधं येऊन पडली. त्यांतल्या कित्येकांवरचा मजकूर तिथल्या लोकांना वाचता येत नव्हता, काहींची मुदत उलटून गेली होती. मग त्यांची विल्हेवाट लावणं हेच एक नवं काम होऊन बसलं. मदतकार्यात मुरलेली माणसं अशा न मागितलेल्या मालाला ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात, ते उगाच नाही.

माणसांचंही तसंच. पहिल्या काही दिवसांत बाहेरून गेलेल्या प्रत्येकाला प्यायला पाणी लागतं, झोपायला जागा लागते, परत यायला इंधन लागतं. हातात ठरलेलं काम असेल तर ते सगळं वसूल होतं. नसेल तर आपण तिथल्या अपुऱ्या गोष्टींत वाटेकरी होतो.

तेव्हा ट्रकवाल्या गटाला आजच फोन करा आणि विचारा: तिकडून कुणी बोलावलं आहे का? यादी कुणी दिली? सामान कोण उतरवून घेणार? त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या संस्थेचं नाव पुढे आलं, तर ट्रक खुशाल जाऊ दे. ‘तिकडे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं, तर ट्रकच्या भाड्याचे आणि डिझेलचे पैसे तशा संस्थेकडे पाठवा असं त्यांना सुचवा. पैसे पाठवणं कोरडं वाटतं, कबूल. ट्रकसमोर उभं राहून फोटो काढण्याचं समाधान त्यात नाही. पण पैशांतून तिथल्या माणसाला हवी ती वस्तू हवी तेव्हा घेता येते, आणि बंद पडलेली तिथली दुकानंही पुन्हा हलायला लागतात.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, ‘ज्यानं पूर पाहिला त्यालाच कळतं.’ हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं धोक्याचं आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

ऑगस्ट १९६९ मध्ये कॅमिल नावाचं अतिशय तीव्र चक्रीवादळ अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं. समुद्राचं पाणी सुमारे २४ फूट चढलं. त्यातून जी घरं वाचली, त्यांतल्या माणसांच्या मनात एक खूणगाठ बसली: कॅमिलमध्ये काही झालं नाही, आता कशानं होणार? २००५ च्या ऑगस्टमध्ये त्याच किनाऱ्यावर कतरिना चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावर धडकताना त्याचे वारे कॅमिलपेक्षा कमी जोराचे होते, पण त्याचा घेर अफाट होता आणि पाणी काही ठिकाणी सुमारे २८ फुटांपर्यंत चढलं. घर सोडा असं सांगूनही बरेच जण राहिले, कारण कॅमिलचा अनुभव गाठीशी होता. कॅमिलनं १९६९ पेक्षा २००५ मध्ये जास्त माणसं मारली, असं तिकडे नंतर म्हटलं जाऊ लागलं.

म्हणजे पूर पाहिलेल्याला तो एक पूर कळतो. पुढचा पूर वेगळ्या वेळी, वेगळ्या बाजूनं, वेगळ्या वेगानं येऊ शकतो. ‘मागच्या वेळी पाणी इथपर्यंतच आलं होतं’ हे वाक्य तुमच्या वस्तीतही कुणीतरी म्हणत असेल. कदाचित तुम्हीही म्हणत असाल. भिंतीवरची जुनी खूण जपून ठेवा, पण ती किमान मर्यादा समजा.

दूरच्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या बाबतीतही हेच. तुम्ही नदीचा पूर सोसला, त्यांनी वारा आणि समुद्र. तुमचं घर चिखलानं भरलं, पण उभं राहिलं. त्यांची छपरं उडाली, जमिनीत खारं पाणी मुरलं. त्यांना काय हवंय हे तुम्हाला आपोआप कळेल असं नाही. विचारावंच लागेल. ज्याच्यावर तसलाच प्रसंग येऊन गेलेला असतो, तोच कधी कधी विचारायचं विसरतो.

मग तुमच्या अनुभवाचं करायचं काय? त्याचा एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. तुमच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतील.

इशारा मिळाला की लोक लगेच उठून निघतात, असा आपला समज असतो. तसं होत नाही. इशारा ऐकलेला माणूस आधी शेजारी डोकावतो, कुणाला तरी फोन लावतो, आभाळाकडे बघतो, आणि ओळखीचं कुणी निघालं की मग निघतो. बांगलादेशाला याची भयंकर किंमत मोजावी लागली. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, किमान ३ लाख माणसं गेली. वादळ येत असल्याची खबर होती, पण ती शेवटच्या घरापर्यंत अशा रीतीनं पोचली नाही की माणसं उठून निघतील. पुढे १९७२ मध्ये सरकार आणि तिथल्या रेड क्रिसेंटनं मिळून चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम उभा केला. त्याचा कणा म्हणजे गावातलेच स्वयंसेवक. ते झेंडे लावतात, भोंगे वाजवतात आणि दारोदार जाऊन सांगतात. तरीही १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं दगावली, आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. कुणी नवरा घरी येण्याची वाट बघत थांबली होती, कुणाला परक्या पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात जायचा संकोच होता, कुणाचा जीव दावणीच्या गुरांत अडकला होता. या गोष्टी हळूहळू लक्षात घेतल्या गेल्या. निवारे वाढले, गुरांसाठी उंचवटे केले गेले, स्वयंसेवकांत बायका वाढत गेल्या. आज त्यांची संख्या जवळपास निम्मी आहे. मे २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा बांगलादेशानं २० लाखांहून जास्त लोक आधीच हलवले होते. ओडिशातही हेच घडलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन येण्याआधी जवळपास १० लाख लोकांना हलवलं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला.

उपग्रह आणि निवारे यांचं श्रेय आहेच. पण दारावर थाप मारणारी ओळखीची व्यक्ती नसती, तर निवारे रिकामे राहिले असते. तुमच्या वस्तीत ती व्यक्ती तुम्ही होऊ शकता. ‘मी पाण्यातून वर ओढली गेले आहे, चला’ असं तुम्ही म्हणालात, तर म्हातारे आजोबाही चप्पल शोधायला लागतील.

आता शेजाऱ्यांच्या विसराळूपणाबद्दल. ते विसरले आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. मला शंका आहे. आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्यावर काम करणारे लोक काही टप्पे सांगतात: आधी जिवावर उदार होऊन एकमेकांना वाचवणं, मग काही काळ विलक्षण आपलेपणा, मग भ्रमनिरास आणि कुरबुरी, आणि मग बराच काळ चालणारं घडी बसवण्याचं काम. म्हणजे तुमची गच्ची खोटी नव्हती. अपवादही नव्हती. समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारँटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून आपत्तींमधल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास केला. घबराट, लुटालूट आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी दिसते, बहुतेक माणसं शेजाऱ्याच्या मदतीला धावतात, असं त्यांना पुन्हा पुन्हा आढळलं. कतरिनानंतर न्यू ऑर्लीन्समधल्या हिंसाचाराच्या ज्या भीषण बातम्या पसरल्या, त्यांतल्या बहुतेक पुढे निराधार ठरल्या.

पण गच्चीवर सगळ्यांना एकच काम होतं: जगणं. खाली उतरल्यावर प्रत्येकाचं काम वेगळं झालं. कुणाला भरपाई मिळाली, कुणाला नाही. कुणाचा विमा होता, कुणी भाडेकरू होतं. बैठकीला न आलेल्यांपैकी काहींना पुराचं नाव काढलेलंही सोसत नसेल. तुम्ही चित्रफिती बघता, ते विषय बदलतात. जागेवरून भांडणारी माणसं दोर टाकायची थांबतील असं समजू नका. भांडकुदळ शेजारी वेळेला उभे राहतात, हे कोणत्याही इमारतीतली माणसं सांगतील.

एक प्रश्न मात्र विचारते, जरा टोचेल. तेव्हा त्या गच्चीवर कोण नव्हतं? राज्यशास्त्रज्ञ डॅनियल ऑल्ड्रिच यांनी त्सुनामीनंतरच्या तमिळनाडूतल्या गावांचा अभ्यास केला. ज्या गावांत एकोपा आणि पंचायत घट्ट होती, तिथे मदत लवकर पोचली. पण त्याच घट्टपणानं दलित, बायका, बाहेरून येऊन राहिलेली माणसं यादीबाहेर राहिली. एकजूट कुणाला आत घेते तसं कुणाला बाहेरही ठेवते. कतरिनात लुइझियाना राज्यात मृत्यू पावलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक ७५ किंवा त्याहून जास्त वयाचे होते. त्यांना पळता येत नव्हतं, गाडी नव्हती, औषधं सोबत हवी होती. तुमच्या वस्तीत अशी दारं कोणती आहेत? एकट्या राहणाऱ्या आजी, अंथरुणाला खिळलेलं माणूस, ऐकू न येणारं मूल, तळघरात किंवा जिन्याखाली झोपणारा कामगार, कालच राहायला आलेलं कुटुंब. ही यादी करायला तिघं पुष्कळ झाले.

आणि नवी पूर समिती काढू नका. निदान लगेच नको. ऑगस्ट २०१८ च्या केरळातल्या पुरात समुद्रावरचे मच्छीमार आपल्या होड्या लॉऱ्यांवर चढवून आतल्या गावांत आले आणि त्यांनी हजारो लोकांना बाहेर काढलं. त्यांची कुठली आपत्ती समिती नव्हती. त्यांच्याकडे होड्या होत्या, पाण्याची जाण होती, आणि रोज पहाटे एकत्र समुद्रावर जाणाऱ्यांची एकमेकांशी ओळख होती. रोजच्या कामासाठी जुळलेली माणसंच त्या दिवशी कामाला आली. तुमच्या वस्तीतही काहीतरी आधीपासून चालू असेल: पाण्याच्या टाकीचा हिशेब बघणारे, सकाळी फिरायला जाणारे, मुलांना शाळेत सोडणाऱ्या आया. ‘पूर’ या विषयावर बैठक बोलावली की माणसं घाबरतात किंवा कंटाळतात. त्याऐवजी चालू असलेल्या एखाद्या बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं मागून घ्या. हवं तर गाडी लावण्याच्या जागेच्या भांडणापासूनच सुरुवात करा. पाणी चढायला लागलं तर गाड्या कुठे न्यायच्या, यावर सगळे बोलतील, याची मला खात्री आहे.

त्या दहा मिनिटांत एका वेळी एकच गोष्ट ठरवा. वीज आणि गॅस कुठून बंद करायचा आणि किल्ली कुणाकडे. कोणत्या दाराला कोण जाणार, आणि ती व्यक्ती गावाला गेली असेल तर कोण. वरच्या मजल्यावरची कोणती घरं उघडी मिळतील. पाळीव प्राण्यांचं काय. हा प्रश्न फालतू समजू नका. कतरिनात कुत्र्या-मांजरांसाठी माणसं घरातून हलली नाहीत, म्हणून पुढच्याच वर्षी अमेरिकेला त्यासाठी कायदा करावा लागला. नदीच्या वरच्या भागात किती पाऊस झाला आणि धरणातून किती पाणी सोडलं, यावर कोण लक्ष ठेवणार. फोनचं जाळं कोलमडलं तर निरोप कसा जाणार. महत्त्वाच्या कागदांच्या प्रती दूरच्या एखाद्या नातेवाइकाकडे असू द्या. रोज लागणारी औषधं आठवडाभर पुरतील इतकी वेगळी ठेवा. आणि तरुण पोरांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं, ३० सेंटिमीटर छोट्या गाडीला उचलू शकतं आणि ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकतं. पुरात बरेच मृत्यू ‘एवढंसं तर पाणी आहे’ म्हणून गाडी घातल्यानं होतात.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहून सोडलेली गोष्ट म्हणजे तुमच्या रात्री. इतर ठिकाणच्या वादळांच्या बातम्यांनी किंवा पुराची तारीख जवळ आली की जुनं सगळं वर येणं, हे पूर सोसलेल्या पुष्कळांना होतं. तो दुबळेपणा नाही. पण रात्री चित्रफिती बघण्यानं तिकडच्या कुणालाही मदत होत नाही, आणि तुमच्या शरीराला मात्र पाणी पुन्हा चढतंय असं वाटत राहतं. बातम्यांची दिवसातली एक वेळ ठरवा, शक्यतो वाचून, झोपण्याच्या बऱ्याच आधी. पाऊस सुरू झाला की छाती धडधडणं, झोप उडणं, पुराची स्वप्नं हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्रीही लागतो.

घरच्यांचं ‘त्यातून बाहेर ये’ तुम्हाला लागलं आहे, आणि ते बोलणं घाईचं आहेच. पण तेही त्याच दोरावरून वर आले होते. मुलगी तेव्हा किती लहान होती, तुम्ही लिहिलेलं नाही. तिला त्या दिवसाचं काय आठवतं, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? पत्रात तरी तसं दिसत नाही. तुम्ही पुन्हा पाण्याकडे निघालात याचीच तिला भीती वाटत असेल, आणि ती भीती तिला रागातूनच बोलून दाखवता येत असेल.

राहिलं कृतघ्नपणाचं. ज्यांनी दोर टाकला ते आजही तुमच्या शेजारीच राहतात. त्यांचं काही देणं आहे असं वाटत असेल, तर ते फेडायला इतक्या दूर जावं लागणार नाही.

आणि तरीही जायचं असेल, तर दोन-तीन महिन्यांनी जा. तोवर कॅमेरे निघून गेलेले असतील, स्वयंसेवक पांगलेले असतील, आणि तिथली माणसं त्या भ्रमनिरासाच्या टप्प्यात असतील. अर्ज अडलेले असतील, भिंतींना बुरशी आलेली असेल, ऐकून घेणारं कुणी नसेल. तिथल्या एखाद्या संस्थेला आधी लिहा, तुम्हाला काय येतं ते सांगा (चिखल काढणं, कागदपत्रं भरून देणं, एखाद्या बाईजवळ बसून तिचं ऐकून घेणं, काहीही), आणि त्यांनी ज्या तारखा दिल्या त्याच पाळा. गमबूट आणि हातमोजे आपले न्या, पाण्यात उतरायचं असेल तर लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. तिकिटं काढण्याआधी मुलीलाही विचारून बघा, येतेस का म्हणून.